पीएच बरोबर आला आणि मासे गेले

सकाळी पावणेसहाला काकांचा फोन आला. काका आमच्याच सोसायटीतले, दोन मजले खाली राहणारे, बँकेतून निवृत्त. एरवी इतक्या सकाळी त्यांचा फोन येतो तो गच्चीवरची टाकी वाहायला लागली की. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "अगं, जरा खाली ये. मासे गेले."

मी गेले तेव्हा २१ पैकी ११ मासे मेलेले होते. काही दगडांच्या फटीत अडकलेले, काही फिल्टरच्या पाईपला चिकटलेले. जिवंत होते ते पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते, आणि कल्ल्यांची झाकणं उचललेल्या फटीतून लालभडक दिसत होती. दुपारी बारापर्यंत आकडा १६ वर गेला. काका सोफ्यावर बसून होते, मांडीवर टेस्ट किटचा डबा. मला बघताच त्यांनी त्यातली काचेची नळी पुढे केली. "हे बघ. ८.२. पीएच तर बरोबर आला होता गं."

हे त्यांचं वाक्य पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यात होतं. (पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; ७ मधला, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी.) मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि पंधरा वर्षांपासून मासे पाळते. त्यामुळे सोसायटीत कुणाचाही गप्पी उलटा झाला की मला बोलावणं येतं. पण एका रात्रीत अख्खा टँक रिकामा होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणून त्या दिवसापासून सगळं वहीत टिपून ठेवलं, तेच इथे सविस्तर मांडते आहे. मार्च २०२४ मधली गोष्ट.

टँक आणि मासे

टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. कागदावर ३४० लिटर होतात, पण दगड आणि वाळूची जागा वजा केली तर खरं पाणी २८० लिटरच्या आसपास. वर टॉप फिल्टर, एका कोपऱ्यात मोठा स्पंज फिल्टर. दगड एका बांधकामावरून उचलून आणलेले काळे बसाल्टचे, थेट पाण्याच्या पातळीपर्यंत रचलेले. त्यांच्यातल्या फटी, कपारी, बोगदे हेच या माशांचं घर.

मासे सगळे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या जातींचे. म्हणजे त्यांच्या पूर्वजांचं गाव ते. हे स्वतः चेन्नईच्या कोळत्तूरकडच्या शेततळ्यांतून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत पुण्याला आलेले. दुकानात त्यांना 'आफ्रिकन मिक्स' म्हणतात. काकांनी २०२२ च्या जानेवारीत दोनेक इंचांची पिल्लं घेतली आणि मिक्समधून जे हाती लागलं ते असं होतं: ९ पिवळे लॅबिडोक्रोमिस, ६ रेड झेब्रा, ४ डेमासोनी आणि ३ ऑरॅटस. पैकी पिवळा हा तसा सज्जन मासा. सरोवरात ही जात बहुतेक ठिकाणी फिकट, पांढरट-निळसर असते. भडक पिवळा रंग लायन्स कोव्ह नावाच्या भागातल्या माशांचा, आणि दुकानांना हवा असतो तोच. डेमासोनी निळ्या-काळ्या पट्ट्यांचा, दिसायला सुरेख, पण स्वतःच्याच जातभाईंचा वैरी. तो ठेवायचा तर बारा-पंधरा तरी ठेवावेत, म्हणजे मार वाटला जातो. चार ठेवणं म्हणजे भांडणाला मुहूर्त देणं. आणि ऑरॅटसबद्दल काय बोलावं! पाव किलोची अंडी आणायला गेलो आणि कोंबडा घेऊन आलो, असं काकाच म्हणायचे.

या सगळ्यांना मिळून 'म्बुना' म्हणतात. सरोवराकाठच्या टोंगा लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ खडकातला मासा. खडकावर शेवाळाचा एक मऊ थर असतो, त्यात बारीक किडेही असतात, आणि हे मासे दिवसभर तो खरवडून खातात. म्हणून आतडं लांब आणि आहार मुख्यतः शाकाहारी. नराच्या मागच्या पराला अंड्यासारखे पिवळे ठिपके. मादी अंडी तोंडात घेऊन जवळजवळ तीन आठवडे उपाशी फिरते. काकांच्या टँकमध्ये हे दोन वर्षं चाललं होतं आणि बरं चाललं होतं. दिवाणखान्यात आलेला पाहुणा हटकून विचारायचा, "समुद्रातले का हो?"

आदल्या रात्री

आदल्या संध्याकाळी काकांची नात आली होती. ती म्हणाली, "आजोबा, मासे पांढरे का पडलेत?" आणि ते खरंच होतं. पिवळे फिकट झाले होते, झेब्रा मळकट. काकांनी किट काढलं, पीएच तपासला. ७.४ आला. गेले दोन महिने ७.४ च येत होता. सिक्लिडना, म्हणजे म्बुना ज्या कुळातले त्या माशांना, ८ च्या वर पीएच लागतो हे त्यांनी शंभर ठिकाणी वाचलेलं. एका ओळखीच्यांनी मोबाईलवर उपायही पाठवला होता: खाण्याचा सोडा घाला, स्वस्त आणि मस्त. काकूंच्या फडताळात १०० ग्रॅमचं न फोडलेलं पाकीट होतं. रात्री नऊ वाजता ते एका तांब्यात विरघळवून काकांनी टँकमध्ये ओतलं. अर्ध्या तासाने पीएच वर सरकलेला दिसला. खूश होऊन झोपले.

पहाटे पाच वाजता पाणी प्यायला उठले तर हे.

कोणी काय म्हणालं

दुपारपर्यंत चार निदानं झाली होती.

दुकानदार फोनवर म्हणाला, ब्लोट. म्बुनांचा हा प्रसिद्ध आजार. पोट फुगतं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी होते, खाणं सुटतं. पण ब्लोट एकेक मासा नेतो, दिवसांच्या अंतराने. एका रात्रीत १६ नाही, आणि मेलेल्यांपैकी एकाचंही पोट फुगलेलं नव्हतं.

काकांच्या मुलाला सोसायटीतल्या झुरळांच्या फवारणीची शंका. ती दोन दिवसांपूर्वी झाली होती आणि ही शंका मी गंभीरपणे घेतली, कारण कीटकनाशकं माशांना फार लवकर मारतात. तिसऱ्या कुणीतरी नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं नाव घेतलं. पण त्या दिवशी, किंबहुना त्या महिन्यातच, पाणी बदललेलं नव्हतं.

चौथं निदान घरातलं, आणि सगळ्यात वाईट. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी झालं होतं. त्यानंतर तीन महिने टँक काकूंनी सांभाळला. म्हणजे नेमाने खाणं घालायचं आणि पाणी आटलं की भर टाकायची. ही भर त्यांनी आरओ फिल्टरच्या पाण्याची घातली, कारण माशांनाही चांगलं पाणी मिळावं. आता घरातला जो तो आरओच्या पाण्याकडे बोट दाखवत होता. काकू काही बोलल्या नाहीत, नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "भिगवणला चिलापी कुठल्याही पाण्यात राहते. यांचीच कशी मेली?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तीही मूळची आफ्रिकेतली सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणली गेली. हॉलमधल्या काचेत आणि उजनीकाठच्या ताटात एकाच कुळातले मासे आहेत, हे काकूंना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. तिलापिया पाण्याच्या बाबतीत अफाट सोशिक असते हे खरं. पण म्बुनाही काही नाजूक नाहीत. तीन महिने ते कसल्या पाण्यात तग धरून होते ते अजून आम्हाला कळायचं होतं.

टब

प्रकरण उलगडलं ते एका टबामुळे.

घटनेच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी एक पिवळी मादी बाहेर काढली होती. ऑरॅटसने तिचे पर फाडले होते. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, टँकमधलंच पाणी, त्यात एअर पंपाचा एक दगड. टब टँकच्या शेजारीच जमिनीवर होता, उघडा. गडबडीत सगळे तिला विसरले होते. नात म्हणाली, "ही जिवंत आहे की." होती, शेपटी फाटलेली, पण शांत, कल्ले संथ.

तेच पाणी, तीच हवा, तीच फवारणी झालेली खोली, तेच तापमान (दोन्हीकडे २८). फरक एकच. टबात सोडा पडला नव्हता. प्रयोगशाळेतसुद्धा इतकी चोख तुलना मुद्दाम मांडावी लागते. फवारणीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मी वरून माझं किट आणलं आणि दोन्ही पाणी शेजारीशेजारी तपासलं.

टँकचा पीएच ८.२, काका म्हणाले तोच. टबाचा पीएच काकांच्या बाटलीने ७.४, माझ्या बाटलीने ६.२.

इथे थांबून सांगायला हवं, कारण अर्धं प्रकरण इथेच आहे. पीएचच्या द्रावणाच्या दोन बाटल्या मिळतात. एक साधारण ६ ते ७.६ पर्यंतची, दुसरी ७.४ ते ८.८ पर्यंतची. सिक्लिडवाले म्हणून काकांनी फक्त दुसरी घेतली होती. त्या बाटलीच्या रंगपट्टीवरचा सर्वांत खालचा रंग ७.४ चा. पाणी ७.४ चं असो, ६.८ चं असो की ६.२ चं, नळीतला रंग तोच. म्हणजे दोन महिने काका ७.४ वाचत होते तो मुळात आकडा नव्हताच. 'पट्टी संपली' एवढाच त्याचा अर्थ. आणि लिहायला जीभ अडखळते आहे, पण फेब्रुवारीत त्यांनी मला जिन्यात विचारलं होतं, "७.४ येतोय, चालेल ना?" मी म्हणाले, "चालेल की." कुठल्या बाटलीने मोजला, हे विचारलं नाही. रोज मुलांना उपकरणाची मर्यादा आधी बघा म्हणून सांगते ती मीच.

मग केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा. हे थेंब मोजून बघायचं असतं. जितक्या थेंबांना निळा रंग पिवळा होतो तितका केएच. टबाचं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं. म्हणजे साठा जवळपास शून्य. टँकच्या पाण्याला १२ थेंब लागले. सोड्याचा हिशोबही जुळला: एक लिटर पाण्याचा केएच एकाने वाढवायला सुमारे ३० मिलीग्राम सोडा लागतो, आणि १०० ग्रॅम भागिले २८० लिटर म्हणजे लिटरला साडेतीनशेच्या वर मिलीग्राम. बाराच्या आसपास यायला हवा होता, आला.

शेवटी अमोनिया, माशांच्या शरीरातून पाण्यात पडणारा टाकाऊ पदार्थ. दोन्ही नळ्या पट्टीच्या शेवटच्या गडद हिरव्या रंगाला जाऊन भिडल्या, ८ पीपीएम, म्हणजे लिटरला ८ मिलीग्राम. बाटलीने एकदा हात पोळले होते, म्हणून टबाचं पाणी निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा तपासलं; ४ आलं. म्हणजे ८ खरंच ८ होतं. निरोगी टँकमध्ये हा आकडा शून्य असतो. काकांकडे अमोनियाची बाटलीच नव्हती.

आता कोडं असं. दोन्ही पाण्यात अमोनिया सारखाच, भयंकर. एकीकडे मासा शांत, दुसरीकडे १६ मेलेले.

एकच आकडा, दोन अर्थ

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, जो वायूसारखा कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो आणि जाळतो. दुसरा अमोनियम, त्याला एक विद्युतभार चिकटलेला असतो, तो कल्ल्यांतून सहजी आत जात नाही आणि बऱ्याच अंशी निरुपद्रवी. घरगुती किट दोन्हींची बेरीज दाखवतं. यातला कोण किती, हे ठरवतात पीएच आणि तापमान.

२८ अंशांना पीएच ६.२ असेल तर एकूण अमोनियापैकी मोकळा साधारण ०.११ टक्के. पीएच ८.२ झाला की तोच १० टक्क्यांच्या घरात जातो. जवळजवळ ९० पट. म्हणजे टबातल्या मादीच्या वाट्याला लिटरमागे ०.००९ मिलीग्राम येत होता आणि टँकमधल्यांच्या वाट्याला ०.८. दीर्घकाळासाठी ०.०२ हीदेखील धोक्याची रेघ मानतात. काकांनी टँकमध्ये विष ओतलं नाही. विष आधीपासून पाण्यात म्यान करून ठेवलेलं होतं; सोड्याने ते म्यानातून काढलं.

पीएच एका रात्रीत दोनने उडाल्याचा धक्का वेगळा, त्याने काही माशांना नक्कीच आणखी दुबळं केलं असणार. दोन्हींची वाटणी करायला माझ्याकडे साधन नाही. पण लालभडक कल्ले आणि पृष्ठभागावरचं धापा टाकणं बघता मुख्य आरोपी मला अमोनियाच वाटतो. खात्रीसाठी मी टबाच्या पाण्याच्या दोन बरण्या भरल्या, एकीत त्याच प्रमाणात सोडा, दोन्हींत हवा. तासाभरात एकीचा पीएच ८ च्या वर, दुसरीचा ६.२ वरच. सोड्याच्या बरणीला नाक लावलं तर फार पुसट का होईना, तो ओळखीचा वास आला. मासा घालून बघायची गरज नव्हती.

तीन महिन्यांत काय घडलं

आठ पीपीएम अमोनिया आला कुठून, हा खरा प्रश्न. दोन वर्षं चांगला चाललेला फिल्टर बंद कसा पडला?

काकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. केएच म्हणजे खात्यातली शिल्लक. माशांचा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू खातात, त्याचं नायट्रेट करतात, आणि या व्यवहारात आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच गिळतो. रोज थोडी शिल्लक कमी. शिल्लक आहे तोवर पीएच हलत नाही, त्यामुळे पीएच बघून शिल्लक कळत नाही. ती संपली की पीएच धाडकन खाली येतो. आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की हेच जिवाणू सुस्तावतात. सहाच्या जवळ तर काम जवळपास सोडतात. मग अमोनिया साचायला लागतो. पण पाणी आम्लधर्मी, त्यामुळे तो अमोनियमच्या रूपात साचतो आणि मासे मरत नाहीत. नुसते फिकट पडतात.

"म्हणजे मी ओव्हरड्राफ्टवर जगत होतो," काका म्हणाले.

किती वेगाने? एक मिलीग्राम अमोनिया-नायट्रोजन पचवायला सुमारे ७ मिलीग्राम कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा खर्च होतो. २२ मोठ्या माशांना रोज ३ ग्रॅम खाणं धरलं तर माझ्या अंदाजाने टँकचा केएच दर पाच-सहा दिवसांनी एकने उतरायला हवा. आमच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. मी मोजलेला त्याचा केएच ३, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ११०. पिण्यासाठी उत्तम, म्बुनांसाठी तुटपुंजं. हिशोब करून पाहिला तर आठवड्याला ४० टक्के पाणी बदलूनही शिल्लक जेमतेम शून्यावरच राहते. मग दोन वर्षं चाललं कसं?

याचं उत्तर टॉप फिल्टरच्या तळाशी असायला हवं होतं आणि ते तिथे नव्हतं. टँक लावताना दुकानदाराने कोरल चुऱ्याची एक पिशवी फिल्टरमध्ये घालून दिली होती. कोरल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; पाणी आम्लाकडे झुकलं की ते आपोआप विरघळतं, पीएच ८ च्या आसपास गेला की विरघळणं जवळपास थांबतं. काकांना ती पिशवी 'घाण अडवण्यासाठी' आहे असं वाटायचं. डिसेंबरमध्ये त्यांचा भाचा येऊन हौसेने टँक साफ करून गेला. फिल्टर चकाचक धुतला, नवं पांढरं वूल टाकलं, आणि शेवाळलेली, चिकट झालेली ती पिशवी कचऱ्यात. त्यानंतर पाणीही कुणी बदललं नाही.

म्हणून काकूंचं आरओ निर्दोष. हे मी सगळ्यांसमोर, मुद्दाम मोठ्याने सांगितलं. पाणी आटतं तेव्हा क्षार मागेच राहतात, तेव्हा नुसती भर घालायची असेल तर बिनक्षाराचं पाणी उलट शास्त्राला धरून आहे. बारा आठवड्यांत १८० लिटर भर पडली असं धरलं आणि ती नळाच्या पाण्याची असती, तरी टँकच्या केएचमध्ये एकूण दोनची भर पडली असती. गरज पंधराची होती.

आणखी एक गोष्ट, जी हौशी लोकांत फारशी बोलली जात नाही. म्बुनांना दाटीवाटीने ठेवा म्हणजे एकाला मार पडत नाही, हा सल्ला बरोबर आहे आणि काकांनी तो पाळला होता. पण दाटी म्हणजे जास्त खाणं, जास्त अमोनिया, जास्त आम्ल. दाटीचा सल्ला देणाऱ्याने त्याच दमात केएचचं नाव घ्यायला हवं. अर्धा सल्ला फुकट मिळतो, तो असा महाग पडतो.

त्या दिवशी केलं ते

टँक आणि टब यांना उलटे उपचार करावे लागले.

टँकचा पीएच आधीच वर होता, तेव्हा तिथे घाई हाच उपाय. दुपारी टँकमधलं निम्मं पाणी काढून नळाचं भरलं, संध्याकाळी पुन्हा निम्मं. तापमान हाताने नाही, थर्मामीटरने जुळवलं. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोवाल्यांचं हायपो. दुकानातल्या बहुतेक अँटी-क्लोरीनच्या बाटलीत तेच असतं. खाणं बंद. दगड अर्धे बाहेर काढले, कारण फटीत अडकून मेलेला एकेक मासा म्हणजे अमोनियाची नवी खाण. काकांना व्हिनेगर घालून पीएच खाली आणावा असं वाटत होतं. मी त्यांचा हात धरला. एका रात्रीत वर गेलेला पीएच लगेच पुन्हा खाली ओढला असता तर उरलेले पाचही गेले असते.

टबात मात्र घाई हाच धोका होता. तिथे पीएच खाली होता म्हणूनच मादी जिवंत होती. आधी अमोनिया बाहेर काढायचा, पीएच आपसूक चढेल तेवढा चढू द्यायचा. रोज तीन वेळा पाचवा हिस्सा पाणी बदललं, सोड्याशिवाय, नुसतं नळाचं. पाचव्या दिवशी अमोनिया पट्टीच्या दुसऱ्या रंगावर आला तेव्हा कुठे पाण्याला सोड्याची पहिली चिमूट लागली. तिला थेट टँकमध्ये सोडू नका, हे मी टबावर चिठ्ठी लिहून चिकटवलं होतं, कारण काकांचा जीव राहत नव्हता.

टँकमधल्या पाचांत चार रेड झेब्रा होते आणि एक ऑरॅटस. अर्थातच ऑरॅटस.

पुढच्या दहा दिवसांत जिवाणू पुन्हा कामाला लागले. मध्ये नायट्राइट चढला; अमोनियाचं नायट्रेट होताना अधल्या पायरीवर तयार होणारा हा पदार्थही माशांना विषारी. लिटरला एक ग्रॅम खडे मीठ घातलं, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दारातच अडवतो. अकराव्या दिवशी अमोनिया शून्य, सोळाव्या दिवशी नायट्राइट शून्य.

पाणी आता

मलावी सरोवराचं पाणी फार जड, जवळजवळ खारं असतं अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. त्यापायी लोक मुठीमुठीने समुद्री मीठ ओततात. खरं तर त्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, २५० मायक्रोसीमेन्सच्या आसपास. आपल्याकडच्या कितीतरी बोअरवेलचं पाणी त्याहून जड. टांगानिका सरोवराचं पाणी याच्या दुपटीहून क्षारयुक्त आहे, आणि दोन्ही सरोवरांचे आकडे लोक एकमेकांत मिसळतात. मलावीचं वैशिष्ट्य कार्बोनेटच्या साठ्यात आणि अवाढव्य आकारात आहे. साडेपाचशे किलोमीटरहून लांब, ७०० मीटरपर्यंत खोल. बाहेर पडणारी नदी एकच, शिरे, आणि बहुतेक पाणी जातं ते वाफ होऊन. अशा पाण्याचा पीएच कुणी एका रात्रीत हलवू शकत नाही. आपल्या २८० लिटरांचा हलतो.

म्हणून काकांसाठी लक्ष्य ठेवलं ते केएच ८, पीएच नाही. आठवड्याला ११० लिटर पाणी बदलायचं. नळाचे ३ आणि हवेत ८, म्हणजे पाचची वाढ. लिटरला १५० मिलीग्राम, ११० लिटरला साडेसोळा ग्रॅम सोडा. सपाट तीन चमचे आणि वर थोडा. तोही फक्त नव्या पाण्यात, बादलीत विरघळवून; टँकमध्ये थेट कधीच नाही. फिल्टरमध्ये अर्धा किलो शिंपल्यांचा चुरा नायलॉनच्या जाळीत बांधून ठेवला. शिंपल्या काकूंच्या माहेरच्या, मालवणहून आलेल्या. उकळून, वाळवून, हातोडीने फोडलेल्या. जाळीवर सुतळीने एक प्लास्टिकची पट्टी बांधली आहे आणि तिच्यावर काकांच्या बँकेच्या अक्षरात लिहिलं आहे: 'फेकू नये. हे औषध आहे.' भाच्यासाठी.

किटच्या डब्यात आता पीएचच्या दोन्ही बाटल्या आहेत, अमोनियाची आहे आणि केएचची आहे. दर रविवारी पाणी बदलायच्या आधी काका केएच मोजतात आणि जुन्या लेजरसारख्या वहीत चढवतात. जूनपासूनच्या नोंदी ७ आणि ८ च्या मध्ये आहेत, पीएच ८ ते ८.२. मधे एकदा ५ आला तेव्हा त्यांनी मला फोन केला. शिंपल्यांवर शेवाळाचा थर बसला होता. पाण्याखाली घासल्यावर पुढच्या रविवारी ७.

नवे मासे त्यांनी सहा महिने घेतले नाहीत. मग फक्त पिवळे घेतले, दहा, दोन खेपांत, प्रत्येक खेप तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून. डेमासोनी नाहीत. ऑरॅटस एका ओळखीच्यांच्या सहा फुटी टँकला दिला. तिथे म्हणे त्याला त्याच्याहून दांडगा कुणीतरी भेटला आहे. टबातल्या मादीची शेपटी भरून आली, फक्त वरच्या कडेला एक खाच राहिली. त्या खाचेमुळेच तिला ओळखता येतं. डिसेंबरमध्ये ती गालफडं फुगवून दगडाच्या मागे बसलेली दिसली. नातीने तिच्यासाठी पुन्हा तोच टब काढला, आणि पाणी भरायच्या आधी आजोबांना विचारलं, "यात टँकचंच पाणी घालू ना?"

काकांनी आधी केएच मोजला. मग म्हणाले, "घाल."